शिकारी मासा पाण्यात कुठे थांबतो

गोड्या पाण्यातले शिकारी मासे नदीत किंवा तलावात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. पाणी मैलभर पसरलेले असले तरी मरळ, शिवडा, शिंगाळा, वाम, महाशीर यांच्या बसण्याच्या जागा मोजक्याच असतात. एखाद्या कपारीतून मोठा मासा निघाला की काही दिवसांनी त्याच कपारीत दुसरा येऊन बसतो, हे गळ टाकणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. जागा चांगली ठरते ती पाण्याच्या आणि तळाच्या गुणांमुळे. मासा तिथला भाडेकरू. म्हणून मासा हवा असेल तर आधी जागा शोधावी लागते, आणि ती पुष्कळदा गळ पाण्यात टाकण्याआधीच, नुसते काठावर उभे राहून सापडते.

शिकारी माशाचा हिशेब कोरडा असतो. पाठलागात जेवढी ताकद खर्च होते त्यापेक्षा मिळालेला घास मोठा हवा. मोकळ्या पाण्यात दिवसभर लहान माशांमागे धावणे आपल्याकडच्या बहुतेक शिकाऱ्यांना परवडत नाही. भक्ष्य आपणहून जवळून जाईल अशा ठिकाणी ते दबा धरतात. अशा ठिकाणी श्वासापुरता प्राणवायू लागतो, जवळपास खाणे लागते आणि लपायला आडोसा लागतो. या तिन्ही गोष्टी एकत्र येतात ती जागा जवळजवळ नेहमी कसल्या तरी कडेवर असते: वेगाच्या आणि संथ पाण्याच्या, खोल आणि उथळ पाण्याच्या, उन्हाच्या आणि सावलीच्या, गवताच्या आणि मोकळ्या पाण्याच्या, गढूळ आणि निवळ पाण्याच्या. नजर या कडांवर ठेवायची सवय लागली की निम्मे काम झाले.

सुरुवात प्राणवायूपासून करावी लागते, कारण तो नसेल तर बाकीच्या दोन गोष्टी असून उपयोग नाही. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. हवेतून तो पाण्यात विरघळतो तेव्हा २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशांना जेमतेम साडेसात. पाणी तापले की प्राणवायू घटतो, आणि माशाचे शरीर पाण्याबरोबर तापत असल्याने त्याची गरज नेमकी तेव्हाच वाढते. एप्रिल-मे महिन्यांत मासे जिथे ओढ्याचे ताजे पाणी मिळते तिथे, काठावरच्या झाडांच्या सावलीत किंवा वारा लाटा आपटवतो त्या काठाला आढळतात ते यामुळे. वाऱ्याच्या काठाला आणखी एक फायदा असतो. वरच्या थरातले सूक्ष्म जीव वाऱ्याबरोबर त्या बाजूला लोटले जातात, त्यांच्यामागे बारीक मासळी येते आणि बारीक मासळीमागे शिकारी. लाटा लागत नाहीत तो काठ उभे राहायला सोयीचा असतो, म्हणून बहुतेक नवशिके तिथेच बसलेले दिसतात.

गवताने भरलेल्या पाण्यात हिशेब थोडा उलटा होतो. दिवसा पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री त्याच तो वापरतात, त्यामुळे दाट गवतातले पाणी पहाटे सर्वांत कोंदट असते. कल्ल्यांवर भिस्त असलेला मासा अशा वेळी गवतातून सरकून मोकळ्या पाण्याकडे येतो. खोल धरणांतही उन्हाळ्यात तळाचे गार पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही आणि तिथला प्राणवायू संपत जातो. ‘मोठा मासा सर्वांत खोल जागी’ ही समजूत म्हणूनच पूर्ण खरी नाही. खोल जागा असावी, पण अशा साचलेल्या पाण्यात मासा बहुधा तिच्या उतारावर असतो, बुडाशी नव्हे.

शिकारी मासा भक्ष्य शोधतो तो डोळ्यांनी आणि अंगावरच्या पार्श्वरेखेने. डोक्यामागून शेपटीपर्यंत गेलेली ही बारीक छिद्रांची ओळ पाण्यातली हालचाल टिपते. त्यामुळे गढूळ पाण्यातही धडपडणारा मासा किंवा पोहणारा बेडूक शिकाऱ्याला कळतो. डोळ्यांची गोष्ट जरा मजेची आहे. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून माशाला बाहेरचे सगळे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसते. एक मीटर खोलीवरच्या माशासाठी ही खिडकी साधारण सव्वादोन मीटर व्यासाची असते. क्षितिजालगतच्या वस्तू तिच्या अगदी कडेला चेपून जातात. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस या खिडकीत उठून दिसतो. उकिडवा बसलेला, तोही पाण्यापासून दोन पावले मागे, बहुधा उठून दिसत नाही. निवळ पाण्यात जागा बरोबर ओळखूनही मासा न मिळण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, की काठाला पोचण्याआधी माणसाची सावली पाण्यात पोचलेली असते.

वाहत्या पाण्यात या सगळ्या गोष्टी सर्वांत स्पष्ट दिसतात, आणि वाहत्या पाण्याचा आपल्याकडचा मानाचा मासा म्हणजे महाशीर. दख्खनी महाशीराचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून, आणि ‘खुद्री’ हे नाव इथल्याच बोलीतून उचलले. आज त्या पाण्यात महाशीर शोधण्यात अर्थ नाही. भरपूर प्राणवायू, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ या त्याच्या अटींपैकी तिथे फारसे काही उरलेले नाही. महाशीर पुरता मांसाहारीही नाही. लहान मासे, खेकडे, गोगलगाई तो खातो तसा शेवाळ आणि फळेही खातो. नदीवर झुकलेल्या उंबराची किंवा जांभळाची फळे पाण्यात टपटपू लागली की त्या झाडाखालचा डोह त्याच्या फेरीत येतो. म्हणून महाशीराची जागा शोधणाऱ्याला पाण्याइतकेच काठावरचे झाड ओळखता आले पाहिजे.

नदीच्या धारेत बैलगाडीएवढा खडक असला तर त्याच्याभोवती बसण्याच्या निदान तीन जागा तयार होतात. येणारे पाणी खडकावर आपटून दोन्ही बाजूंना फाकते, त्यामुळे खडकाच्या तोंडाशी हातभर पाणी मंदावते. उशीला टेकावे तसा मासा तिथे अंग सैल सोडून राहू शकतो. खडकाच्या पाठीमागे पाणी उलटे फिरते, ती दुसरी जागा. तिसरी आणखी खाली, दोन्ही बाजूंच्या धारा पुन्हा मिळतात तिथे. वरून पाहिले तर या ठिकाणी फेसाची लांब रेघ तरंगताना दिसते. वाहून येणारे किडे, फळे, बेशुद्ध पडलेली बारीक मासळी याच रेघेवरून खाली सरकत असते. नदीने वाढलेली पंगतच ती. महाशीर रेघेच्या संथ बाजूला थांबतो, मान वळवून वेगाच्या पाण्यातला घास उचलतो आणि परत जागेवर येतो. वेगात तो उभा राहत नाही आणि वेगापासून दूरही जात नाही.

खळाळ संपून डोह सुरू होतो ते तोंड, डोहाच्या शेवटी पाणी पुन्हा उथळ होते ती शेपटी, आणि ओढा नदीला मिळतो तो संगम या त्याच्या बाकीच्या ठरलेल्या जागा. भर दुपारी मोठे मासे डोहाच्या मधल्या खोल भागात उतरतात. सकाळी आणि दिवेलागणीला तोंडाशी किंवा शेपटीशी येतात. पावसाळ्यात महाशीर प्रवाहाविरुद्ध वर चढतो, खडीच्या तळावर अंडी टाकतो आणि पाणी ओसरू लागले की पुन्हा खोल कोंडीत उतरतो. कोकणच्या नद्या उन्हाळ्यात तुटक होतात तेव्हा या कोंडीच माशांचा आसरा असतात. महाड तालुक्यातली वाळणकोंड तशीच. वरदायिनी देवीच्या नावाने तिथले मासे राखले जातात आणि काठावर उभे राहून खाली फिरणारे महाशीर नुसते पाहता येतात. माशाच्या बसण्याच्या जागा शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही, आणि तिथे गळ चालत नसल्याने लक्षही विचलित होत नाही.

मरळीचा स्वभाव महाशीराच्या अगदी उलटा. हिच्या कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी वेगळी पोकळी असते आणि पाण्यात कितीही प्राणवायू असला तरी तिला ठरावीक वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. त्यामुळे जे पाणी इतर शिकाऱ्यांना कोंदट वाटते ते मरळीला चालते: भातखाचरे, दलदल, जलपर्णीने झाकलेले नाले, आटत चाललेली डबकी. डबके पार आटले तर ती ओल्या चिखलात दडून राहते किंवा अंगाला वळसे देत ओल्या जमिनीवरून दुसरे पाणी गाठते.

पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, हे मरळीचे खरे घर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत कोहळी समाजाच्या पुढाकाराने बांधलेल्या या तलावांची घडण साधारण एकसारखी असते. उताराच्या बाजूला मातीचा बांध आणि त्याला लागून खोल पाणी. समोरच्या बाजूला पाणी हळूहळू उथळ होत शेतांपर्यंत पसरलेले, त्यात कमळ, देवधान, लव्हाळे आणि काठाला बेशरमाची झुडपे. नवख्याची पावले बांधाकडे वळतात, कारण तिथे उभे राहायला जागा असते आणि पाणी खोल दिसते. मरळ बहुतेक वेळा समोर असते, कंबरभर किंवा त्याहून कमी पाण्यात, गवताच्या पोटात.

गवत कितीही दाट असले तरी त्यात कुठे कुठे टोपलीएवढी मोकळी जागा असते. म्हशी उतरतात ती वाट, होडीचा माग, कमळाच्या दोन पानांमधली फट. मरळ गवतात अंग लपवते आणि डोके अशा मोकळ्या जागेकडे ठेवते. संथ सकाळी काठावर अर्धा तास काही न करता बसले तर तिचा पत्ता तीच देते. पाण्यावर ‘चप्’ असा बारीक आवाज होतो, एखादे पान हलते, दोन-चार बुडबुडे फुटतात. हवेचा घोट घेऊन मरळ खाली गेलेली असते. काही वेळाने तिथेच किंवा हातभर अंतरावर पुन्हा तोच आवाज आला, तर ती फिरतीवर नसून बसलेली आहे असे धरायला हरकत नाही. बेडूक तिचे आवडते खाणे, म्हणून पूर्वी गळाला जिवंत बेडूक लावत. आता शहरी हौशी मंडळी रबरी बेडूक वापरतात. तो गवतावरून ओढत आणून नेमका त्या मोकळ्या जागेत क्षणभर थांबवतात. मारा बहुधा त्या थांबण्याच्या क्षणीच होतो.

धरणाचे पाणी वाचणे यापेक्षा अवघड, कारण वरून सगळे सारखेच दिसते. पण धरण हे बुडालेले गावशिवार असते. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा पाण्याखाली गेलेले पळसदेवचे जुने देऊळ पाणी खाली गेले की अजूनही डोके वर काढते. देवळाबरोबर बाकीचेही उघडे पडते: गावठाणाच्या भिंती, विहिरी, जुना रस्ता, बांधाच्या रांगा, बाभळीची खोडे आणि या सगळ्यांमधून वळणे घेत गेलेले मूळ नदीचे पात्र. पाणी भरल्यावर हाच पसारा आडोसा होतो. जुन्या रस्त्याच्या भरावाची कड, पात्राची उभी दरड, विहिरीचे कठडे यांच्याशेजारी शिकारी मासे सापडतात आणि मधल्या सपाट शेतजमिनीवर फारसे सापडत नाहीत. मे महिन्यात कोरड्या तळावरून पायी फिरून या जागा पाहून ठेवणारा आणि मोबाइलवर त्यांची खूण करून ठेवणारा माणूस ऑक्टोबरात चार पावले पुढे असतो. महागड्या गळदांडीपेक्षा ही एक सकाळ जास्त कामाची.

शिवडा, म्हणजे शास्त्रीय नावाने वॅलॅगो अट्टू, दिवसा अशा खोल, गढूळ, आडोशाच्या पाण्यात पडून असतो. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे फाटत गेलेला असतो. एवढे तोंड असलेल्या माशाला लांब पाठलागाची गरज नसते. अंधार पडला की तो पात्रातून वर सरकतो आणि उथळ पाण्याच्या कडेने फिरतो. शिंगाळा वाळूच्या किंवा गाळाच्या तळाशी राहतो. वाम तर दिवसभर दगडांच्या फटीत किंवा वाळूत दडलेली असते; धरणाच्या बांधावरच्या दगडी पिचिंगच्या भेगा ही तिची जागा, आणि वेळ रात्रीची.

धरणात भक्ष्याचा माग काढायचा तर चिलापीपासून काढावा. मूळचा मोझांबिककडचा हा मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला आणि आता उजनीसारख्या जलाशयांत त्याचीच चलती आहे. चिलापीचे नर उथळ पाण्यात तळ उकरून बशीसारखे खळगे करतात. निवळ पाण्यात काठावरून ते ओळीने दिसतात. खळग्यांच्या वसाहतीत शिकारी शिरत नाही, पण जिथे ती संपून तळ खाली उतरतो त्या रेषेवर तो घिरट्या घालतो. बारीक मासळी कुठे आहे हे पक्षीही सांगतात. पाणकावळ्यांचा थवा एकाच जागी बुड्या मारत असेल, नदीसुरय पुन्हा पुन्हा त्याच पट्ट्यावर झेपावत असेल, खंड्या त्याच फांदीवर परतत असेल, तर खाली खाणे आहे. एकटा उभा असलेला बगळा फारसे काही सांगत नाही; त्याला एक बेडूकही पुरतो.

पहाट आणि संध्याकाळ या वेळांचे महत्त्व सगळेच सांगतात, आणि त्याला कारण आहे. उजेड मंद असताना लहान माशांना खालचे अंधारलेले पाणी नीट दिसत नाही, पण खालून वर पाहणाऱ्या शिकाऱ्याला उजळ पृष्ठभागावर त्यांच्या आकृत्या स्पष्ट दिसतात. ढगाळ दिवसांत हा फायदा दिवसभर टिकतो. हवेचा दाब उतरला की मासे खायला लागतात, हे मात्र जपून घ्यावे. वादळी हवेतही दाब क्वचितच ३०-४० हेक्टोपास्कलहून जास्त बदलतो. मासा एक मीटर खाली गेला की त्याच्यावरचा दाब जवळपास १०० हेक्टोपास्कलने वाढतो. पाऊस येण्याआधी मासे लागतात हे खरे असले तरी त्याचे श्रेय ढगांना आणि वाऱ्याला द्यायला हवे.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की वर सांगितलेल्या बहुतेक जागा काही आठवड्यांसाठी मोडतात. नवे पाणी ओढ्यांतून धावू लागते आणि मासे अंडी घालायला त्याविरुद्ध वर चढतात. कोकणात याला वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे. भातखाचरांच्या चिरीतून, पाऊलभर पाण्यातून चढणारी ही मासळी शिकाऱ्यांनाही खेचून आणते. ओढ्याच्या तोंडाशी, गढूळ आणि निवळ पाणी मिळते त्या रेषेच्या निवळ बाजूला ते थांबतात. मात्र या दिवसांत पोटात अंडी असलेला मासा मारला की पुढच्या हंगामाचे हजारो मासे त्याच्याबरोबर जातात, आणि वलगणीला काठ्या, कोयते, मच्छरदाण्या घेऊन जे चालते त्याला मासेमारी म्हणणे कठीण आहे.

मरळ याच दिवसांत सर्वांत सहज सापडते. उथळ पाण्यातले गवत बाजूला सारून जोडी गोल जागा मोकळी करते. पिवळसर अंडी त्यात तरंगत राहतात आणि उबदार पाण्यात एक-दोन दिवसांत फुटतात. पिल्ले लालसर केशरी रंगाची. शेकडोंच्या थव्याने ती एकत्र फिरतात आणि हवेसाठी सतत वर येत असल्याने तेवढ्याच टोपलीभर पाण्यावर पाऊस पडत असल्यासारखे दिसते. आजूबाजूचे पाणी स्वच्छ, शांत, आणि मधेच हा तांबूस, उकळता ठिपका हळूहळू सरकत असतो. त्याच्या खाली हातभर अंतरावर आईबाप असतात. या काळात ते भुकेने नव्हे तर राखणीसाठी समोर येईल त्यावर तुटून पडतात. ठिपक्यावर टाकलेला गळ सहसा रिकामा येत नाही. राखण करणारी मरळ काढली की थव्यावर दुसरे मासे आणि बगळे ताबडतोब पडतात आणि दिवस मावळेपर्यंत तो ठिपका दिसेनासा होतो. पाण्यावर असा तांबूस थवा दिसला तर मरळीची जागा कळली असे समजावे आणि गळ गुंडाळून दुसऱ्या काठाला जावे.